नाकावर राज्य

शेंगदाणे करपले तेव्हा मी कढईपासून हातभर अंतरावर उभा होतो. हातात मोबाईल होता हे कबूल, पण तोंड कढईकडंच होतं. आई मागच्या खोलीतून लगबगीनं आली, गॅस बंद केला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काही मी मुद्दाम केलंय.

"आरं, नाक हाय का नाही तुला? गल्लीभर वास सुटलाय!"

मी छाती भरून श्वास घेतला. धूर डोळ्यांत झोंबला, घसा खवखवला. वास मात्र नव्हता. कमी होता, पुसट होता असंही नाही, नव्हताच.

दिवाळीला दहा दिवस राहिले होते. त्याआधी आठवडाभर मी सर्दी-तापानं अंथरुणात होतो. ताप उतरला, नाक मोकळं झालं, श्वास नीट चालू होता, म्हणून शंका आली नाही. जेवण बेचव लागायचं, पण आजारपणात तोंडाची चव जातेच. आता मात्र मी घरभर हुंगत सुटलो. देवघरातली उदबत्ती, चिरलेला कांदा, बायकोचा बाम, फिनेलची बाटली. शेवटी बारकीचे शाळेचे मोजे नाकाला लावले. मोज्यांनीही दगा दिला तेव्हा मी खरा घाबरलो.

पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "येईल हो आठवड्यात" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन आठवडे गेले. दिवाळी गेली. चकली म्हणजे खारट कुरकुर आणि अनारसा म्हणजे गोड चिवटपणा, एवढंच मला समजलं. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, "रस्ता मोकळा आहे. वरच्या तारा तुटल्यात."

त्यांनी कागदावर नाक काढून समजावलं. नाकाच्या छताला टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे धागे चाळणीसारख्या एका हाडातून वर मेंदूत जातात. माणसाकडं या पेशींवरची कुलपं चारेकशे प्रकारची, आणि एकेक वास म्हणजे त्यातली कुठली कुलपं एकदम उघडली त्याचा नमुना. (या कुलपांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं, हे मी घरी येऊन वाचलं.) विषाणूनं माझ्या त्या तिकिटाची नासधूस केली होती. पण या पेशी मेल्या तरी पुन्हा उगवतात, आणि उगवताना त्यांना वळण लावता येतं. त्याची एक तालीम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांच्या गटानं २००९ मध्ये ती तपासून मांडली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा सेकंद, बारा आठवडे.

"एवढंच?"

"एवढंच. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण मन लावून करा. नुसतं नाक लावू नका."

लवंगा घरात होत्या. लिंबाची साल होती. निलगिरीचं तेल औषधाच्या दुकानात मिळालं. गुलाबासाठी विजापूर वेशीजवळ एका अत्तरवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्या मनगटावर एक थेंब लावला आणि आवडलं का म्हणून बघत बसला. मी "वा!" म्हणालो. त्याला खरं कुठल्या तोंडानं सांगणार?

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्यामुळं तालीम कशी करायची ते मला लगेच कळलं. संगणकावर तक्ता आखला. तारीख, वेळ, चार रकाने, शून्य ते दहा गुण. चौदा दिवस, दोन वेळा, चार बाटल्या: एकशे बारा शून्यं. तक्ता अगदी नीटनेटका होता.

पंधराव्या दिवशी बारकी शेजारी येऊन बसली. वय वर्षं नऊ. थोडा वेळ बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही चीटिंग करताय. नाव वाचून मग हुंगता. ह्यात मज्जा काय?"

तिनं बाटल्या ओढून घेतल्या, त्यांच्यावर कागद गुंडाळले आणि न्हाणीतला टॉवेल आणून माझ्या डोळ्यांना बांधला. "राज्य तुमच्यावर. ओळखलं तर राज्य माझ्यावर. चुकलात तर घोडा."

चाळिशी उलटल्यावर नाकावर राज्य घेणारा सोलापुरात मी एकटाच असेन. त्या रात्री तीनदा घोडा झालो. एक मात्र दर वेळी बरोबर यायचं, निलगिरी. आठवडाभर मी त्याच आनंदात. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. "तो वास नाही. तो गारवा. निलगिरी नाकाला गार लागते, झोंबते, ती खबर नेणारी तार वेगळी. तिखट झोंबतं, कांद्यानं पाणी येतं, ते तिच्यामुळंच." म्हणजे मी ओळखत होतो ते कातडीनं.

मला वाईट वाटलं. बारकीला नाही. तिनं निकाल दिला, "मग नाक आउट. तोवर बाकीच्यांना खेळू द्या."

आणि खेळ बाटल्यांतून बाहेर पडला. डोळे बांधून ताटातलं ओळखायचं, पण जिभेला न लावता, नुसतं बोटांनी. तुरीची डाळ की हरभऱ्याची, गव्हाचं पीठ की ज्वारीचं. (ज्वारीचं बोटांत किंचित चरचरतं. इतकी वर्षं भाकरी खाऊन मला हे माहीत नव्हतं.) नळाची पैज तर अजून चालू आहे. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री-बेरात्री. पाणी यायच्या आधी तोटी फुसफुसते, घशात काही अडकल्यासारखी गुळगुळते, मग दोन गुळण्या गढूळ आणि मग धार. जो फुसफूस पहिली ऐकेल त्यानं ओरडायचं. आईला मोतीबिंदू आहे, गुडघे दुखतात. पण या खेळात ती आम्हा तिघांना हरवते. झोपेतून म्हणते, "नळाला हवा आली रे." तिचं सगळं आयुष्य आवाजावर गेलंय. मिलचा भोंगा झाला की चूल पेटवायची, दुसरा झाला की डबा भरायचा. मिल बंद पडून किती वर्षं झाली, तरी पहाटे कुठं आगगाडीची लांब शिट्टी झाली की तिचा हात अजून उशाजवळच्या काडेपेटीकडं जातो. हे मी याआधीही बघितलं असणार. लक्ष दिलं नव्हतं.

सगळ्यात रंगला तो स्कूटरचा खेळ. दर रविवारी आम्ही भवानी पेठेतून जुळे सोलापुरात बहिणीकडं जातो. बायको चालवते, मी मागं, बारकी मध्ये कोंबलेली. डोळे मिटायचे आणि कुठं आलो ते सांगायचं. बघितलं तर बाद. बायकोला आधी हा येडेपणा वाटला. मग तीच मुद्दाम भलत्या गल्लीतून गाडी घालायला लागली.

घराजवळचा भाग सोपा. पत्र्याच्या शेडमधले यंत्रमाग, खटक-खटक-खटक, तेही प्रत्येक शेडचं वेगळं. एका ठिकाणी चार माग एका तालात येतात आणि लगेच फुटतात. मध्येच सगळं गप्प झालं, की वीज गेली, आणि त्या शांततेत बायकांचं तेलुगू बोलणं वर येतं. कन्ना चौकात ब्रेक जास्त लागतात. पुढं गर्दी, हॉर्न, भाजीवाल्यांचं ओरडणं, तिथं मी गडबडतो. मग एकदम डाव्या गालावर गारवा. एका बाजूच्याच. कान मोकळे होतात, आवाज भिंतींवर आपटायचा थांबतो आणि लांब पळतो. सिद्धेश्वराचं तळं. पहिल्यांदा मी ते ओळखलं तेव्हा मागच्या सीटवर ओरडलोच. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जातोय. देऊळ दिसतं, किल्ल्याचे बुरूज दिसतात, हात आपोआप कपाळाकडं जातो. पण तळं गालाला लागतं हे डोळे मिटल्यावर कळलं.

पार्क चौकात तव्यावर उलथनं आपटल्याचे आवाज. सात रस्त्याला गाडी वळतच राहते, पोट उजवीकडं झुकतं, एसटीचं इंजिन पायाच्या तळव्यांत गुरगुरतं. आणि आसऱ्याचा पूल तर बारकीसुद्धा चुकत नाही. गाडी चढायला लागली की पाठ मागं, माथ्यावर वारा, उतारावर पोटात गोळा. सिग्नलला एका काकांनी बायकोला विचारलं होतं, "मॅडम, साहेबांना बरं नाही का?" ती म्हणाली, "खेळतायत."

तालमीचा तक्ता या काळात मी भरायचं सोडून दिलं. तालीम नाही सोडली. फरक एवढाच पडला, की दहा सेकंद हुंगताना मी आधी घड्याळाकडं बघायचो, आता आत काय होतंय तिकडं बघत होतो.

कारखान्यातही माझी थोडी बदनामी झाली. आमच्याकडं एक जॉबर, म्हणजे माग जुळवून चालू ठेवणारे, आहेत, आम्ही अण्णा म्हणतो, मूळचे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातले, तिसरी पिढी मागावर. टॉवेलवर नुसता तळवा फिरवून चौरस मीटरला किती ग्रॅम ते सांगतात आणि काटा वीसएक ग्रॅमच्या आतबाहेर पडतो. ते आकडे मी रोज लिहितो, पण टॉवेलला हात म्हणून कधी लावला नव्हता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापाशी गेलो, म्हटलं, शिकवा. ते आधी हसले. मग म्हणाले, "कळ्ळु मूसुकोंडि, साहेब." डोळे मिटा.

माझा हात धरून त्यांनी टॉवेलवर एका दिशेनं फिरवला, मग उलट्या. एकीकडं मऊ, एकीकडं किंचित अडतं. "घर कुठल्या बाजूला झोपलंय बघा." फासांना ते घर म्हणतात. मग मागापाशी नेलं. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम दोन असतात. एक ताठ, तो पाया. दुसरा सैल, तो फासांचा. फणी बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे पूर्ण पुढं न नेता थोडे मागंच ठेवते. तिसरा धागा आला की तिघांना मिळून जोरात ठोकते, आणि त्या ठोक्यात सैल ताणा उभा राहून त्याचा फास होतो. त्याच्यामुळं टॉवेल पाणी पितो. हे मला कागदावर ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, कान लावा. दोन हलके, एक भरीव. दोन हलके, एक भरीव. खटखट म्हणून एकच वाटणारा आवाज तीनाच्या तालात आहे, हे एकदा ऐकू आलं की मग न ऐकणं जमत नाही. त्यात एक माग जरा जरी बिनसला तर अण्णा शेडच्या दुसऱ्या टोकाहून चालत येतात. मला तो फरक अजून दहात चारदाच कळतो. कचेरीतले लोक मला 'हात लावू साहेब' म्हणायला लागले, तेवढं सोसलं.

डिसेंबरअखेर हुरडा झाला, मोहोळकडं मेहुण्याच्या रानात. हुरडा वासाशिवाय खायचा म्हणजे लग्नाला मुका जायचं, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळताना भाजतं, तळहात लाल होतात, आणि गुळभेंडीचा कोवळा दाणा दातांखाली फुटून दुधाळ गोड होतो. नाक नव्हतं म्हणून असेल, तो फुटण्याचा क्षण मला पहिल्यांदा सुटा मिळाला. मी नेहमीपेक्षा जास्तच खाल्ला.

लवंग आली ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तालमीचा सातवा आठवडा. आली म्हणजे वास आला नाही. डोळे बांधलेले, बारकीनं एक बाटली नाकाशी धरली आणि मला एकदम उजवी दाढ आठवली. लहानपणी दाढ दुखायची तेव्हा आई लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायची, तो अंधार, ती रात्र, आईच्या पदराचा ओलसर स्पर्श. वासाचं नाव डोक्यात यायच्या आधी दाढदुखी आली. मी म्हटलं, "लवंग."

बारकीनं दुसरी बाटली धरली. काही नाही. तिसरी. काही नाही. परत ती. "लवंग."

तिनं टॉवेल सोडला नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं, आणि त्यांच्यासमोर पुन्हा परीक्षा घेतली. पाचपैकी चार. राज्य पहिल्यांदा माझ्यावरून गेलं.

मग गड्डा. सोलापूरकराला संक्रांतीची यात्रा सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंचच्या उंच काठ्या कमरेवर तोलत शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना नेतात. पहिल्या दिवशी तेलाचा अभिषेक, त्याला आम्ही अजून कानडीतच यण्णीमज्जन म्हणतो. बारकीच्या खांद्यावर हात ठेवून मी डोळे मिटून उभा राहिलो. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर लांबून पाण्यासारखा येतो. आधी पुढच्या चौकात, मग समोरच्या माडीवर, मग माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीतून, आणि मग तो माझ्याच गळ्यातून निघालाय हे मला नंतर कळलं. संध्याकाळी होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भजी. बारकीनं एक मोठा लाल फुगा घेतला आणि घरापर्यंत कानाशी करकरत आणला. हा फुगा लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत एका रात्री मी जेवण सोडून बाहेर आलो, गल्लीत कोण टायर जाळतंय ते बघायला. कोणीच जाळत नव्हतं. आत आलो तर वास जास्त. बायकोनं फोडणीत लसूण टाकला होता.

दुसऱ्या दिवशी कॉफी. तिसऱ्या दिवशी कांदा. जळकं रबर, तेच. नुसता वास नाही, पोट ढवळून काढणारं काहीतरी. आणि रविवारी आईनं नवी शेंगाचटणी केली, ताटात वाढली, मी घास तोंडाशी नेला आणि ताट सरकवलं. आईनं ते बघितलं.

डॉक्टर मात्र खूश. "चांगली खूण आहे. तारा उगवतायत, पण भलत्या ठिकाणी जोडल्या जातायत. भाजलेल्या पदार्थांतले काही रेणू नाकाला अगदी कणभर असले तरी कळतात, म्हणून बोंब आधी तेच मारतात. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेले दाणे, भाजलेलं मटण, हे थोडे दिवस टाळा. तालीम सोडू नका."

मी म्हटलं, "डॉक्टर, एवढं टाळून सोलापुरात राहायचं कसं?"

खरं सांगायचं तर वास नव्हता ते दिवस याच्यापेक्षा बरे होते. नसलेल्या गोष्टीशी खेळता येतं. घरच रबराचं झालं तर काय करणार? मी दहीभात खायला लागलो, तोही वेगळा बसून. आई काही बोलली नाही. फक्त एकदा बायकोला म्हणाली, "माझ्या चटणीला टायर म्हणतोय." तिच्या चटणीसाठी पुण्यातले नातेवाईक डबे घेऊन येतात.

इथं पुन्हा बारकी. तिनं विचारलं, "कुठल्या टायरचा?"

"म्हणजे?"

"रबर रबर काय? स्कूटरचा, सायकलच्या ट्यूबचा, का माझ्या खोडरबराचा?"

मला चिडायचं होतं. पण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिनं घरातलं सगळं रबर गोळा केलं. गरम पाण्याची पिशवी, कुकरची रिंग, खोडरबर, स्लिपर, आणि गड्ड्यातल्या त्या फुग्याची सुकलेली चिंधी. मी एकेक हुंगायचो, मग चटणी. नियम असा, की 'घाण' म्हणायचं नाही. म्हटलं तर घोडा. कशासारखं, ते सांगायचं. पहिल्या दिवशी चटणी म्हणजे उन्हात तापलेली स्कूटरची ट्यूब. तिनं वहीत लिहिलं. आठवड्यानं कुकरची रिंग. गंमत म्हणजे मळमळ तीच असली, तरी 'नेमकं काय' हे शोधताना ती दोन पावलं मागं उभी राहायची.

याच काळात मी चटणी कुटायला शिकलो. आईचे खांदे आता चालत नाहीत आणि मिक्सरची तिला मान्य नाही. मिक्सरचं पातं दाणे चिरतं, त्याचं कूट होतं. उखळात दाणे चिरडतात, तेल सुटतं, म्हणून सोलापुरी चटणी मुठीत धरली की तिचा गोळा होतो. नाकाला बोळे लावून मी दाणे भाजायला बसलो. आई मागं पाटावर, पाठ माझ्याकडं करून, मुद्दाम.

"तडतड ऐक. आता वाढंल. वाढू दे. आता विरळ झाली का? एक दाणा चोळून बघ. साल सुटली? उतरव."

करपले नाहीत.

साल पाखडली. उखळात दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. मुसळ उचललं. पहिले घाव कोरडे, दाणे उडतात, मुसळ मध्येच दगडाला लागून टण्ण वाजतं. मग आवाज भुसभुशीत होतो, रेतीत काठी खुपसल्यासारखा. हात भरून आले, मी थांबलो. आई न वळता म्हणाली, "तेल नाही सुटलं अजून. कोरडं वाजतंय." परत लागलो. शंभरएक घाव झाले असतील. मग एका घावाला आवाज बदलला. थप. जाड, ओला. आणि मुसळ वर येताना चटणीनं ते किंचित धरून ठेवलं, सोडताना बारीक चप्प असं वाजलं. मी थांबायच्या आधी आई म्हणाली, "हां. बास."

ती कढईजवळ बसून आयुष्यभर हे नाकानं करत आली, असं मी समजत होतो. विचारलं तर म्हणाली, "नाकाला कधी सर्दी हुती, कधी चुलीचा धूर. कान कुठं जातंय?"

तेव्हापासून रविवारची चटणी माझ्याकडं आहे. बारा आठवडे कधीच संपले. बाटल्या चालूच आहेत, गुलाब आता अंधुक येतो, लिंबू चांगलं येतं, कॉफी अजून नाही. आईचा रुसवा गेला, पण तिला आता वहीचं वेड लागलंय. ताट वाढलं की सगळ्यांच्या आधी तीच विचारते, "आज कुठलं रबर?"

मागच्या रविवारी बारकीनं डोळे बांधले. आईनं चमचाभर चटणी तळहातावर ठेवली. मी वेळ घेतला.

"खोडरबर," मी म्हटलं. "पण नवीन नाही. कंपासपेटीतलं जुनं. आणि कंपासपेटी दप्तरात आहे, आणि दप्तरात खाली डबा आहे, तेल जरा बाहेर आलंय, वहीला लागलंय."

"कशाचा डबा?" आईनं विचारलं.

"तूच दिलेला. भाकरी आणि चटणी."

कोणी काही बोलेना. मग हातावर अजून एक चमचा पडल्याचं जाणवलं, पहिल्यापेक्षा मोठा.

"चीटिंग," बारकी म्हणाली. "डबा आजचा नाहीये, तो मोजायचा नाही. राज्य पप्पांवरच."